पोते कोण उचलते?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)

 मागे दारात तरुण पोरं उभी आहेत.

पोरांनो, आत या. जागा आहे.

मला समितीने विषय दिला तो असा, की नोकरीच्या ठिकाणी काटकसर आणि निसर्गाची काळजी. मी गिरणी कामगार माणूस. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते रातपाळीच्या सुट्टीत आणि याच विहाराच्या कपाटातले. तेव्हा माझ्या मनाला आले, एवढे मोठे शब्द आपल्याला कसे झेपणार? पण त्याच आठवड्यात आपल्याच वस्तीतली एक मुलगी घरी आली. लोअर परळला काचेच्या इमारतीत कामाला आहे. म्हणाली, "काका, ऑफिसात पत्रक लावलंय. सर्वांनी शाश्वत सवयी लावून घ्या म्हणून. म्हंजे नक्की काय करायचं?"

मी तिला हसून म्हटले, बाई गं, आपल्या धम्मात शाश्वत असे काही नाहीच. सगळे अनित्य. मग हे शाश्वत काय काढलेय तुझ्या साहेबांनी?

हसण्यावारी नेले, पण रात्रभर तो शब्द डोक्यात राहिला. मग उलगडले ते असे. सगळे अनित्य आहे म्हणूनच जपून वापरायचे. पाणी संपते, कोळसा संपतो, कापड विरते. आपणही जाणार. आपल्यामागून येणाऱ्याला त्यातले काही उरावे, अशा बेताने वागणे म्हणजे ती सवय. असा अर्थ घेतला तर तो आपल्याला परका नाही.

आता ही सवय मला कशी लागली ते सांगतो. यात माझा मोठेपणा काही नाही. माझी चूकच आहे.

ब्याऐंशीच्या संपानंतर काही वर्षांनी मी बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. एका रातपाळीला आमच्या खात्यात जळलेली ट्यूबलाइट काढताना ती खाली पडून फुटली. काचा गोळा केल्या. टाकायच्या कुठे? वेगळी पेटी नव्हती. शेजारी झाडलोटीच्या कापसाचे पोते उभे होते. दिल्या त्यात ढकलून, वर कापूस दाबला. पाळी सुटली, घरी येऊन झोपलो.

सकाळी झाडूवाले मामा आले. पोते भरले की ते हाताने कापूस आत दाबायचे आणि तोंड बांधायचे. त्या दिवशीही दाबला. तळहात असा उभा चिरला. टाके पडले, जखम भरली, पण उजव्या हाताची दोन बोटे त्यानंतर कधी मिटली नाहीत. हे मामा कोण? आपल्याच वस्तीतले, याच विहारात दर पौर्णिमेला वंदनेला येणारे. वंदनेनंतर चहा मिळायचा. त्यांना उजव्या हातात पेला धरता यायचा नाही. डाव्या हाताने प्यायचे. मी समोर बसलेलो असायचो.

ती काच मी टाकली होती, हे सांगायला मला दोन वर्षे लागली. एकदा धीर करून सांगितले. वाटले, शिव्या देतील. ते एवढेच म्हणाले, "अरे, पोतं कोण उचलतं हे तुला ठाऊक नव्हतं का?"

ठाऊक होते, बंधूभगिनींनो. तेच वाईट. ठाऊक होते, फक्त त्या वेळी आठवले नव्हते. मला आज जे सांगायचे आहे ते या एका प्रश्नात आहे. कामाच्या जागी आपण काही टाकतो, सांडतो, चालू ठेवून निघून जातो, तेव्हा विचारायचे, पोते कोण उचलते?

आपल्या धम्मग्रंथात, विनयपिटकात, एक गोष्ट आहे. कोसंबीचा राजा उदेन. त्याच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढ्या चीवरांचे हा भिक्खू करणार काय? दुकान घालणार की काय? तो जाऊन आनंदांना विचारू लागला. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे विरलीत त्यांना वाटणार. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करणार. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवर अंथरायला. ती अंथरुणे जुनी झाली की पायपुसणी. पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी फाटली की त्यांचे तुकडे करून, मातीत कालवून जमीन सारवणार. राजाचा राग गेला. त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमचे खातेच आठवले. गिरणीत मऊ कापूस, न पिळलेला, वाया गेला तर तो परत मागे कापूस पिंजायच्या यंत्रात घालत. पिळलेले सूत तुटून गोळा झाले तर त्याच्याने यंत्राचे तेल पुसत. घरोघर आईच्या लुगड्याची गोधडी होती, गोधडीचे पायपुसणे होते. आपल्या आया अडाणी होत्या, पण आनंदांचा हिशेब त्यांना पाठ होता.

गिरणीचे छप्पर आठवते का तुम्हाला? विणकाम खात्यावर करवतीच्या दातांसारखे छप्पर असायचे. उभ्या बाजूला काचा, त्या उत्तरेकडे. का? तर ऊन आत यायला नको, उजेड मात्र यायला हवा. दिवसा दिव्याची गरज कमी. आता त्याच जमिनीवर मनोरे उभे राहिले. चारी बाजूंनी काच, आणि आत भर दुपारी पडदे ओढून दिवे लावतात, एसी लावतात. याला प्रगती म्हणायचे, तर म्हणा.

पण मी गिरणीचे गोडवे गायला उभा नाही. तीच गिरणी कापसाच्या धुळीने माणसाची छाती भरायची. कितीतरी कामगार दम्याने गेले. धूर वस्तीवर पडायचा. तेव्हा जुने सगळे चांगले असे मी म्हणणार नाही.

आता एक आक्षेप मला प्रत्येक ठिकाणी ऐकू येतो. तरुण पोरं म्हणतात, "दादा, वीज आम्ही वाचवायची, कागद आम्ही वाचवायचा, आणि फायदा मालकाचा? पगार तर वाढत नाही." आक्षेप खरा आहे. तो उडवून लावू नये. मी त्याला दोन उत्तरे देतो.

पहिले उत्तर. बिल मालक भरतो, पण किंमत दुसराच मोजतो. मुंबईच्या गिरण्यांना वीज कुठून आली? १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळ्याकडे पाणी अडवून ते खाली सोडले आणि त्या विजेवर गिरण्या फिरल्या. मग आणखी वीज हवी झाली, म्हणून मुळशीचे धरण. मावळ्यांच्या भातजमिनी बुडणार होत्या. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. तरी धरण झाले, गावे बुडाली. परळ-लालबागचा दिवा पेटला तो कोणाच्या तरी शेतावर पाणी चढल्यावर पेटला. आज वीज आणखी कुठकुठून येते, पण कुठे जमीन जाते, कुठे कोळशाची राख पडते.

पाण्याचेही तेच. तानसा, वैतरणा, भातसा, इथले पाणी आपल्या नळाला येते. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघतात. धरण त्यांच्या उशाशी आणि घसा कोरडा. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या ओंजळीची आपण दरवर्षी आठवण काढतो. मग आपल्याच कचेरीच्या मोरीत नळ रात्रभर गळतो, तेव्हा "ते काम प्लंबरचं" म्हणून आपण पुढे कसे जाऊ शकतो? हे मी तुम्हाला विचारत नाही, मला स्वतःला विचारतो.

दुसरे उत्तर. धम्माने जबाबदारी एकट्या नोकरावर टाकलेली नाही. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी दोघांनाही बांधून घेतले आहे. मालकाने ताकद बघून काम द्यावे, पोटाला आणि पगाराला कमी करू नये, आजारात बघावे, वेळेवर सुट्टी द्यावी. नोकराने दिलेले तेवढेच घ्यावे आणि काम नीट करावे. दिलेले तेवढेच घ्यावे, हे आपले दुसरे शीलच आहे. कचेरीतले कागद, वीज, पाणी आपल्याला वापरायला दिलेले आहे, नासायला दिलेले नाही. पण मालक जर म्हणेल, तू दिवा बंद कर, मी मात्र धुराड्याला गाळणी बसवणार नाही, सफाईवाल्याला हातमोजे देणार नाही, तर ती काटकसर नव्हे, ती लबाडी आहे. आपण आपले शील पाळायचे आणि ताठ मानेने त्याला त्याचे विचारायचे. स्वतःचा नळ बंद केलेल्या माणसाचा आवाज जरा मोठा येतो, हा माझा अनुभव आहे.

आता सवय लागते कशी? नुसत्या पाट्या लावून लागत नाही. आमच्या गिरणीत "वीज वाचवा" अशी पाटी होती. तिच्यावर इतका कापूस बसला होता की अक्षर दिसायचे नाही. आणि धूळ ओढणारा पंखा महिनोन्‌महिने बंद. पाटी वाचून कामगार हसायचे.

कामाच्या सवयी देवाने दिलेल्या नसतात, माणसाने पाडलेल्या असतात. याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. पूर्वी विणकाम खात्यात धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायची रीत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. रोग पसरवणारी घाणेरडी सवय. पण ती बदलायच्या ऐवजी काय केले? अस्पृश्य कामगाराच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडात घेणार नाही म्हणून आपल्या माणसांनाच जादा पगाराच्या त्या खात्याबाहेर ठेवले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. पुढे हाताने सूत ओवायचे धोटे आले. म्हणजे सवय बदलणे शक्य होते. बदलायची इच्छा नव्हती.

उलट बाजूचा दाखला इथेच, पायी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. परळच्या इस्पितळांत आपली कितीतरी मुले-मुली वॉर्डात कामाला आहेत. त्यांना विचारा. रक्तामांसाचा कचरा पिवळ्या पिशवीत, वापरलेल्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. २०१६ च्या नियमांनी ही रंगांची वाटणी घालून दिली. सुरुवातीला डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळेच कुरकुरले असतील. पण सुई भलत्या पिशवीत गेली तर ती सफाई कामगाराच्या हातात घुसते, हे समजावले गेले, डबा हाताशी ठेवला गेला, चुकल्यावर विचारणारे कोणी होते, म्हणून सवय लागली. माझ्या त्या रातपाळीला ट्यूबच्या काचेसाठी एक खोके असते तर मामांचा हात वाचला असता. मी निर्दोष ठरत नाही, पण खोके हवे होते हेही खरे.

म्हणून मी म्हणतो, तीन गोष्टी लागतात. कारण कळले पाहिजे, सोय हाताशी पाहिजे आणि विचारणारे माणूस पाहिजे. आणि हे ठरवताना कामगाराला विचारले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यात आठवड्याला ४८ तास काम, हे विधेयक त्यांनी मांडले. वीज आणि पाणी यांचे देशाचे धोरणही त्याच खात्यात आखले जात होते. कामगाराचे आयुष्य आणि देशाचे पाणी त्यांनी एकाच टेबलावर ठेवले. पुढे १९८४ ला भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हा कुठे १९८७ साली कारखाना कायद्यात कलम आले, की धोक्याच्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी आणि तीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारखे असावेत. कायद्यांची आता नव्याने मांडणी झाली, पण तत्त्व लक्षात ठेवा. जिथे समिती आहे तिथे आपला माणूस बसला पाहिजे. जिथे नाही तिथे मागितली पाहिजे.

नुसते तत्त्व नको, काम सांगा, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

एक. जेवणाचा डबा घरून न्या, पाण्याची बाटली घरून न्या. गिरणगावात डबा हीच रीत होती. आता पोरं रोज बाहेरून मागवतात, आणि एका जेवणामागे चार प्लॅस्टिकच्या डब्या टाकतात.

दोन. शेवटी निघणाऱ्याने दिवा, पंखा, एसी बघायचा. चाळीस वॉटच्या दहा ट्यूब रात्रभर, दहा तास, फुकट जळल्या तर चार युनिट गेले. एका रात्रीत, एका खोलीत. पाळी लावा, आठवड्याला एकेकाचे नाव.

तीन. कागद दोन्ही बाजूंनी वापरा. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत द्या. इथे मुलांना गणितं सोडवायला लागतात.

चार. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. काच, ब्लेड, ट्यूब, बॅटरी कागदात गुंडाळून, वर लिहून, वेगळी द्या. ट्यूबमध्ये पारा असतो. आणि ज्या ताई-दादा तुमच्या मजल्यावर कचरा उचलतात त्यांचे नाव माहीत करून घ्या. ज्याचे नाव माहीत आहे त्याच्या पोत्यात काच टाकायला हात धजत नाही.

पाच. वाचलेल्या पैशाचा हिशेब मागा. भांडण म्हणून नव्हे, हक्क म्हणून. बिल किती कमी झाले ते सांगा, आणि त्यातून सफाई कामगारांना हातमोजे, बूट द्या, अशी मागणी सर्वांनी मिळून सही करून करा. मग पोरांचा तो आक्षेप उरणार नाही.

मुंबईत कचरा वेचणाऱ्या बाया कोण आहेत, हे स्त्री मुक्ती संघटनेने 'परिसर विकास' या कामातून जगापुढे आणले. बहुतेक आपल्याच समाजातल्या. त्या बाया शिकल्या, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी बनवलेले, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारे 'निसर्गऋण' संयंत्र त्या चालवू लागल्या. पण कचरा वेगळा करून आला तरच ते यंत्र चालते. म्हणजे एक शिकलेली बाई ऑफिसात दोन डबे ठेवते, तेव्हा दुसऱ्या बाईच्या हाताला सन्मानाचे काम मिळते. याला मी सम्यक आजीविका म्हणेन. आपली एकट्याची नव्हे, दोघींची.

आता शेवटचे, आणि ते कडू आहे. दुसऱ्याला सांगण्याआधी आपले घर बघू. आपला विहार ही पण कामाची जागा आहे. गेल्या जयंतीला आपण काय केले? थर्माकोलच्या ताटल्या, प्लॅस्टिकचे पेले. सकाळी विहाराच्या दाराशी ढीग. आणि फ्लेक्स! बाबासाहेबांचा फोटो लहान आणि खाली शुभेच्छुकांची डोकी मोठी. पंधरा दिवसांनी तोच फ्लेक्स गटाराच्या तोंडाशी. त्यावर कोणाचा फोटो असतो ते मी बोलत नाही, तुम्हीच आठवा. २६ जुलै २००५ ला गटारे तुंबली तेव्हा आपण कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. पूर्वी पेंटरकडून कापडावर रंगवून घ्यायचो. साल न टाकता रंगवला तर तो बॅनर वर्षानुवर्षे चालतो. आणि विरला की आनंदांनी सांगितलेला मार्ग आहेच.

मी समितीत स्टीलच्या ताटांची सूचना मांडली, तेव्हा महिला मंडळाच्या एका ताईंनी लगेच विचारले, "आणि ती ताटं धुणार कोण, दादा?" सगळे गप्प. मीही गप्प. कारण माझ्या मनात तीच धुतील असेच होते! मामांचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. पोते कोण उचलते? तेव्हा समितीत ठरले आहे ते आज जाहीर करतो. यंदापासून भोजनदानाला स्टीलची ताटे, आणि ज्याचे ताट त्याने धुवायचे. अध्यक्षांनीही, वक्त्यानेही. आज जेवण झाल्यावर नळाजवळ पहिला मी उभा असेन. पाणी बादलीत काढून घ्या, नळ सोडून ठेवू नका.

मामा आता नाहीत. त्यांचा मुलगा सफाई खात्यात आहे. आज ड्यूटीवर असल्याने तो इथे नाही. उद्या सकाळी आपल्या विहाराचा कचरा उचलायला कदाचित तोच येईल. त्याच्या हाती पोते द्याल तेव्हा आत काय आहे ते बघून द्या, एवढीच माझी विनंती.



नमो बुद्धाय! जयभीम!